बांधकामावरील ओझे आणि मजुराची पाठ

नाशिक हे दगडाचे शहर आहे असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. गोदावरीचे घाट, काळारामाचे व सुंदरनारायणाचे देऊळ, जुन्या वाड्यांची जोती, हे सर्व काळ्या पाषाणाचे काम आहे. आपण अशा एखाद्या वास्तूपुढे उभे राहिलो म्हणजे ती कोणी बांधविली हे विचारतो, कोणत्या साली बांधली हे विचारतो, आणि शिल्पाची वाखाणणी करून पुढे जातो. परंतु त्यातील प्रत्येक चिरा कोणीतरी खाणीतून काढला, वाहून आणला व वर चढविला, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. काळारामाचे देऊळ सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविले. त्याचा दगड शहराच्या उत्तरेस असलेल्या रामसेजच्या खाणींतून आणला, आणि दोन हजार माणसे बारा वर्षे खपत होती, असे परंपरेने सांगितले जाते. देऊळ बांधविणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक आहे. त्या दोन हजारांपैकी कोणाची कंबर धरली, कोणाची बोटे चिऱ्याखाली सापडली, याची नोंद कोणी ठेविली नाही.

तेव्हापासून आजपर्यंत या जिल्ह्यात बांधकाम थांबलेले नाही. १८६५ साली थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीस आली. १९१६ साली दारणेवरील धरण पुरे झाले. स्वातंत्र्योत्तर काळात गंगापूरचे मातीचे धरण झाले. आणि पुढे सातपूर व अंबड येथील कारखाने व त्यांच्या भोवतालच्या वसाहती उभ्या राहिल्या. सिंहस्थ जवळ आला की घाट, रस्ते व पूल यांच्या कामांस दर वेळी भरती येते. या सर्व कामांवर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या डोंगरी तालुक्यांतून आणि अन्य जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेली माणसे ओझी वाहतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांना जड सामान हाताळताना होणाऱ्या इजा हा आहे. या इजेबद्दल लोकांत दोन समज रूढ आहेत. एक असा की, ती दैवाधीन आहे. आणि दुसरा असा की, मजूर बेसावध होता म्हणून ती झाली. हे दोन्ही समज अपुरे आहेत. ही इजा बहुतांशी हिशेबाने होते, आणि तो हिशेब आपल्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या गणिताच्या व पदार्थविज्ञानाच्या पलीकडचा नाही.

१. सामानाचे वजन

प्रथम वजनाचाच विचार करू. काळ्या दगडाचा एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असा चिरा घेतला तर त्याचे वजन सुमारे ८० किलो भरते. कारण हा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. भाजलेली वीट साधारणतः तीन किलोची. म्हणजे डोक्यावर दहा विटा घेतल्या की तीस किलो झाले. चुना-सिमेंटाच्या किंवा काँक्रीटच्या मालाने भरलेले घमेले १५ ते २० किलोचे होते. वाळू ओली असली म्हणजे तेच घमेले आणखी जड लागते. सिमेंटची गोणी ५० किलोची. लोखंडी सळईचे वजन काढण्याची एक सोपी रीत गवंडी व मुकादम वापरतात. सळईच्या व्यासाच्या मिलिमीटरांचा वर्ग करून त्यास १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत येते. या रीतीने १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांबीची सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरते. आणि २५ मिलिमीटर जाडीची तितकीच लांब सळई सुमारे ४६ किलोची होते. डोळ्यांना पहिलीपेक्षा दुसरी जेमतेम दुप्पट जाड दिसते. परंतु खांद्याला ती चौपटीहून अधिक जड लागते.

आता एका लहान घराच्या स्लॅबचे गणित मांडून पाहा. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घातला तर त्यास जवळजवळ बारा घनमीटर काँक्रीट लागते. काँक्रीटचा घनमीटर सुमारे २,४०० किलोचा असतो. म्हणून एकंदर वजन २८,००० किलोच्या घरात जाते. मोठ्या इमारतींवर आता हे काँक्रीट यंत्राने वर चढविले जाते, हे खरे. परंतु गल्लीबोळांतील व खेड्यांतील घरांवर माणसांची साखळी लावूनच ते चढविण्याची रीत अद्याप आहे. पंधरा किलोचे एक घमेले धरले तर जवळजवळ १,९०० घमेली वर गेली पाहिजेत. वीस माणसे असली तर प्रत्येकाच्या वाट्यास ९० हून अधिक घमेली, म्हणजे सुमारे १,४०० किलो ओझे आले. आणि तेही एका दिवसात, कारण स्लॅब अर्धवट सोडता येत नाही. सिमेंटची गाडी रिकामी करणाऱ्याचा हिशेब याहून कठीण आहे. दहा टन मालाच्या २०० गोण्या होतात. चौघांनी त्या उतरविल्या तर प्रत्येकाने पन्नास गोण्या, म्हणजे २,५०० किलो, आपल्या पाठीवरून नेले. मजूर 'आज अंग दुखते' एवढेच म्हणतो. त्या तीन शब्दांत हे अडीच हजार किलो असतात.

२. पाठ ही एक तरफ आहे

तरफेचे तीन प्रकार आपण शिकलो आहो. पहिल्या प्रकारात टेकू मध्ये असतो, दुसऱ्यात भार मध्ये असतो व तिसऱ्यात बल मध्ये असते. मनुष्य वाकून ओझे उचलतो तेव्हा त्याची पाठ ही यांतील पहिल्या प्रकारची तरफ बनते. कमरेचे मणके हा टेकू. हातातील ओझे हा भार. आणि मणक्यांच्या मागे असलेले पाठीचे स्नायू हे बल. आता अडचण अशी की, हे स्नायू टेकूपासून अवघ्या पाच सेंटिमीटरांच्या आसपास असतात, आणि ओझे मात्र चाळीस-पन्नास सेंटिमीटर दूर असते. ५० किलोची गोणी ४० सेंटिमीटर अंतरावर धरली तर तिचा तोल सांभाळण्यास स्नायूंना आठपट, म्हणजे ४०० किलोइतका जोर लावावा लागतो. तीच गोणी अंगाशी धरून अंतर २० सेंटिमीटर केले, तर हा जोर निम्मा होतो. यात मनुष्याच्या स्वतःच्या धडाचे वजन धरलेले नाही. वाकल्यावर त्याचाही भार याच स्नायूंवर येतो. हा सगळा जोर शेवटी मणक्यांवर दाबाच्या रूपाने पडतो.

कमरेत पाच मणके आहेत व त्यांच्या दरम्यान लवचिक चकत्या आहेत. चकतीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या कड्यांचा आणि आतला गाभा मऊ, पाणीदार असतो. स्वीडनमधील शस्त्रवैद्य आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत बारीक सुई घालून तिच्यातील दाब मोजला. ताठ उभे असताना जो दाब असतो तो वाकून ओझे उचलताना कितीतरी पटींनी वाढतो असे त्यांना आढळले. दाब पुन्हा पुन्हा पडला, आणि त्याच वेळी कंबर वळविली गेली, म्हणजे तंतूंची कडी हळूहळू फाटत जातात. एके दिवशी आतला गाभा बाहेर डोकावतो व पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो. यालाच आपण 'मणका सरकला' असे म्हणतो, आणि त्यामुळे नितंबापासून पायापर्यंत जी कळ जाते तिला वैद्यकात गृध्रसी म्हणतात. वस्तुतः मणका जागचा हललेला नसतो, चकती फाटलेली असते; आणि ती त्या दिवशीच्या एका गोणीने फाटलेली नसते, तर मागील हजारो गोण्यांनी झिजलेली असते.

येथे आणखी एक मौजेची परंतु उपयुक्त गोष्ट सांगण्यासारखी आहे. रात्री आपण आडवे असताना या चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी उठल्यावर प्रत्येक मनुष्य रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर किंवा त्याहून किंचित अधिक उंच असतो. फुगलेली चकती वाकताना अधिक ताणली जाते. म्हणून उठल्या उठल्या, शरीर थोडे हलते-फिरते होण्यापूर्वीच, जड ओझ्यास हात घालणे हे विशेष धोक्याचे होय.

आपल्याकडे ओझे वाहण्याची प्राचीन रीत म्हणजे डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर पाटी किंवा घमेले घेणे ही होय. हिच्यात शहाणपण आहे. कारण ओझे टेकूच्या थेट वर आल्याने पाठीच्या तरफेचे अंतर जवळजवळ नाहीसे होते. १९८६ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात पूर्व आफ्रिकेतील लुओ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे या स्त्रिया डोक्यावर घेऊन चालतात, तेव्हा त्यांच्या शरीरास जादा शक्ती खर्चावी लागत नाही, असे त्यांत दिसून आले. परंतु पन्नास किलो वजनाच्या स्त्रीचा पाचवा हिस्सा दहा किलो होतो. आणि आमच्या बांधकामावरील घमेले पंधरा ते वीस किलोचे असते. शिवाय तिला सपाट वाटेवर चालावयाचे नसते, तर कठडा नसलेल्या जिन्याने किंवा परांचीच्या फळीवरून चढावयाचे असते. आणि घमेले प्रत्येक खेपेस जमिनीवरून उचलून डोक्यावर घ्यावयाचे असते. रीत चांगली आहे. वजन चांगले नाही.

३. इजांचे प्रकार

जड सामानापासून होणाऱ्या इजांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग शरीराच्या आत होणाऱ्या इजांचा. उसण भरणे, लचक येणे, चकती फाटणे, खांद्याचे स्नायुबंध तुटणे, गुडघे झिजणे, मानेचे मणके झिजणे आणि अंतर्गळ, हे सर्व यात येतात. अंतर्गळ म्हणजे पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतड्याचा भाग बाहेर येणे. श्वास कोंडून जोराने ओझे उचलताना पोटातील दाब वाढतो, व त्यामुळे जागा मुळातच दुबळी असेल तर ती उघडी पडते.

दुसरा वर्ग ओझे हातून सुटल्याने, घसरल्याने किंवा कोसळल्याने होणाऱ्या इजांचा. फरशी ठेवताना बोटे तिच्याखाली सापडतात. पायावर डबर पडून पंजाची हाडे मोडतात. एकावर एक रचलेल्या गोण्या किंवा विटा ढासळून मनुष्य त्यांखाली दबतो. उंचावरून पडणाऱ्या वस्तूचे गणितही आपणांस करता येईल. दहा मीटर उंचीवरून निसटलेली तीन किलोची वीट जमिनीशी येते तेव्हा तिचा वेग सेकंदास चौदा मीटर, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर झालेला असतो. डोक्यास नुसता रुमाल गुंडाळलेल्या मनुष्याचे तिच्यापुढे काय होईल, हे सांगावयास नको.

तिसरा वर्ग ओझ्यामुळे मनुष्याचा तोल किंवा दृष्टी गेल्याने होणाऱ्या अपघातांचा. छातीशी मोठी वस्तू धरली की पायाखालची पायरी दिसत नाही. खांद्यावरील बारा मीटरांची सळई वळणावर फिरविताना तिचे मागचे टोक कोठे जाते हे पुढच्यास कळत नाही. आणि ते टोक विजेच्या तारेस लागले तर क्षणार्धात प्राण जातो. अशा अपघाताची नोंद 'विजेचा धक्का' किंवा 'उंचावरून पतन' अशी होते; परंतु त्याचे मूळ पुष्कळदा ओझ्यातच असते.

या तिहींपैकी दुसरा व तिसरा वर्ग लोकांच्या डोळ्यांसमोर घडतो, आणि त्याची बातमी होते. पहिला वर्ग मात्र मुका आहे. हात तुटला तर तो सर्वांना दिसतो. पाठ झिजली तर ती कोणास दिसत नाही. बिगाऱ्याचा करार रोजाचा असतो. सकाळी चौकात उभे राहावे, कोणी बोलावील त्याच्या कामावर जावे, संध्याकाळी रोज घ्यावा, आणि उद्या दुसरीकडे जावे. अशा मनुष्याची कंबर चाळिशीत गेली तर ती कोणत्या मालकाच्या कामावर गेली हे कोण ठरविणार? पन्नास मालकांनी ती थोडी थोडी वापरली. भरपाई करण्यास त्यांतील एकही बांधलेला नाही. म्हणून तो घरी बसतो, आणि त्याच्या जागी पुष्कळदा त्याचा मुलगा शाळा सोडून चौकात उभा राहतो. ओझ्याचा प्रश्न हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नव्हे, तर कुटुंबाच्या भाकरीचा व मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे तो असा.

४. वजन कोण ठरवितो?

ओझे किती असावे हे ते उचलणारा कधीच ठरवीत नाही. ते भरणारा ठरवितो. या विधानाची सत्यता आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासात पाहावयास मिळते. धान्याचे व साखरेचे पोते दीर्घकाळ क्विंटलाचे, म्हणजे १०० किलोचे असे. हमालाने ते पाठीवर घ्यावे ही जणू निसर्गाचीच व्यवस्था आहे असे सर्वांस वाटे. पुण्याच्या हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पोते ५० किलोचे करावे ही मागणी अनेक वर्षे लावून धरली. 'बारदान वाढेल, खर्च वाढेल' असे आक्षेप निघाले. परंतु अखेर पन्नास किलोचे पोते रूढ झाले, व बाजार बंद पडले नाहीत. तत्पूर्वी मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांची संघटना केली होती, आणि तिच्या प्रयत्नांतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. ज्यांचा कोणी एक मालक नाही अशा कामगारांसाठी मंडळ नेमावे, मालकांनी मजुरी व तिजवरील आकार मंडळात भरावा, आणि त्यातून मजुरास रजा, भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार मिळावेत, अशी त्याची योजना आहे. 'पन्नास मालक, आणि जबाबदार एकही नाही' या कोड्याचे हे एक उत्तर होय.

बांधकामाच्या मजुरांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास १९९६ साल उजाडले. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकट्या प्रौढ पुरुषाने ५५ किलोंहून अधिक व प्रौढ स्त्रीने ३० किलोंहून अधिक ओझे उचलू वा वाहू नये, अशी मर्यादा घातली गेली. महाराष्ट्राने आपले नियम २००७ साली केले. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक याप्रमाणे उपकर घेऊन त्यातून नोंदलेल्या मजुरांस साहाय्य देण्यासाठी कल्याणकारी मंडळही आहे. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला ही या नोंदणीची मुख्य अट ठेवण्यात आली. पुढे जुने कामगार कायदे एकत्र करून संहिता करण्यात आल्या व त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या.

५५ किलो हा आकडा आला कोठून? आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली जिनीव्हा येथे ओझ्याच्या कमाल मर्यादेविषयी करार केला, आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी हाच आकडा सुचविला. त्यानंतर शरीरशास्त्र पुढे गेले. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या आपल्या सूत्रात, दोन्ही हातांनी, अंगाशी धरून, कंबर न वळविता, सोयीच्या उंचीवरून उचलावयाचे असले तरी २३ किलो ही आरंभाची मर्यादा धरली. ओझे दूर असेल, जमिनीवर असेल किंवा वारंवार उचलावयाचे असेल, तर हा आकडा आणखी खाली आणावयाचा. इंग्लंडात १९९२ साली ओझी हाताळण्याविषयीचे नियम झाल्यानंतर सिमेंटची गोणी पन्नास किलोंवरून पंचवीसवर आली. आपली गोणी मात्र पन्नासचीच राहिली. ती कायद्याच्या ५५ किलोंच्या आत बसते हे खरे. परंतु पाठीच्या हिशेबात ती बसत नाही. आणि स्त्रीच्या ३० किलोंच्या मर्यादेत तर ती कोणत्याच हिशेबाने बसत नाही.

५. उपाय कोणत्या क्रमाने करावे?

'पाठ ताठ ठेवा, गुडघे वाकवा, ओझे अंगाशी धरा' हा उपदेश सर्वत्र केला जातो. तो चुकीचा नाही. तरफेच्या नियमास तो धरून आहे. परंतु तेवढ्यावर विसंबणे चुकीचे आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक प्रयोग एकत्र तपासण्यात आले. केवळ उचलण्याची रीत शिकविल्याने कंबरदुखी टळते असा पुरावा त्यांत मिळाला नाही. याचे कारण उघड आहे. सत्तराव्या घमेल्यास थकलेला मनुष्य रीत विसरतो. वजन मात्र आपले वजन विसरत नाही. यास्तव उपायांचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

पहिला उपाय उचलणेच टाळण्याचा. विटा व वाळू रस्त्यावर उतरवून मग चार वेळा हलविण्याऐवजी जेथे लागणार तेथेच गाडी नेता येते का, हे काम सुरू होण्यापूर्वीच पाहावे. एकदा टळलेली खेप ही सर्वांत हलकी खेप होय.

दुसरा उपाय यंत्राचा. आणि यंत्र म्हणजे महागडी सामग्रीच असे नव्हे. एक स्थिर व एक चल कप्पी जोडली तर पन्नास किलो ओझे, घर्षण सोडून, पंचवीस किलोंच्या जोराने वर जाते. एकचाकी गाडा, फळ्यांची उतरण, पहारेची तरफ ही साधने आपल्या दगडफोड्यांस व पाथरवटांस पूर्वापार ठाऊक आहेत. चिरा दोरांनी बांबूस बांधून चौघांनी खांद्यावर नेणे ही जुनी रीतही ओझे वाटून घेण्याचीच आहे. लहान घराच्या कामास विजेवर चालणारा उचलयंत्राचा पाळणा भाड्याने मिळतो. परंतु तो नीट बांधलेला असावा, त्यातून माणसांनी ये-जा करू नये, व त्याखाली कोणी उभे राहू नये.

तिसरा उपाय ओझे लहान करण्याचा. घमेले काठोकाठ न भरता पाऊण भरावे. जड सळया दोघांनी, दोन्ही टोके पाहात, एकाच्या इशाऱ्यावर उचलाव्या व ठेवाव्या. गोणी एकट्याने जमिनीवरून उचलू नये. ती कमरेच्या उंचीच्या फळीवर रचून ठेवावी, म्हणजे निम्मे वाकणे वाचते. रास छातीच्या वर चढवू नये.

चौथा उपाय वाटेचा व विश्रांतीचा. वाट कोरडी, मोकळी व उजेडाची असावी. जिन्यास कामापुरता का होईना बांबूचा कठडा असावा. परांचीच्या फळ्या बांधलेल्या असाव्या. साखळीतील माणसांच्या जागा दर तासास बदलाव्या. नाशिकच्या उन्हाळ्यात भर दुपारी स्लॅबचे काम ठेवू नये, व पाणी जवळ असावे. गरोदर स्त्रीस जड ओझे देऊच नये.

पाचवा उपाय अंगावरील साधनांचा. शिरस्त्राण, पुढे लोखंडी टोपण असलेले जोडे व हातमोजे हे आवश्यक आहेत. परंतु त्यांचा क्रम शेवटचा आहे. जोडा पायाचे रक्षण करील. पाठीस जोडा नाही. कमरेस पट्टा बांधला म्हणजे अधिक ओझे निर्धास्त उचलता येते, असाही एक समज आहे. निरोगी मनुष्याची पाठ पट्ट्याने वाचते याला भक्कम आधार मिळालेला नाही, आणि पट्ट्याच्या भरवशावर मनुष्य झेपेल त्याहून अधिक उचलू पाहतो हा धोका मात्र खरा आहे.

६. इजा झालीच तर

उसण भरल्यास झटके देऊन कंबर 'बसविणाऱ्या'कडे जाऊ नये. दोन दिवस जड काम बंद ठेवावे, परंतु अंथरुणास खिळून राहू नये. सोसेल तितके हळूहळू चालावे. पाय बधिर झाला, पायातील शक्ती गेली, अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर ते चकतीने मज्जातंतू दाबल्याचे गंभीर लक्षण समजून त्याच दिवशी रुग्णालयात गेले पाहिजे. येथे उशीर झाला तर अपंगत्व कायमचे येते. ओझ्यासह उंचावरून पडलेल्या मनुष्यास हातपाय धरून उचलणे हा तर घात होय; कारण मोडलेला मणका त्या ओढाताणीत मज्जारज्जूस कापतो. त्याची मान व धड एका रेषेत स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चेंगरलेल्या बोटावर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा. आणि प्रत्येक इजेची, ती लहान असली तरी, तारीख, वेळ व साक्षीदार यांसह लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. १९२३ साली मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला तेव्हापासून भरपाईचे मूळ तत्त्व एकच राहिले आहे: इजा काम करीत असताना व कामामुळे झाली हे दाखविता आले पाहिजे. कागद नसेल तर ते दाखविणे दुर्घट होते. मजुरास लिहिता येत नसल्यास शाळेत जाणाऱ्या मुलाने ही नोंद लिहून द्यावी. आपल्या अक्षरज्ञानाचा याहून चांगला उपयोग कोणता?

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या स्थापत्यविशारद होतील, कोणी ठेकेदार होतील. आणि पुष्कळजण केव्हा ना केव्हा आपले घर बांधतील. त्या वेळी आपण वाळू किती, सिमेंट किती, लोखंड किती याचा अंदाज मागवाल. त्याच कागदावर आणखी तीन प्रश्न लिहा. हे सामान वर कसे जाणार? एका वेळी एका माणसाच्या अंगावर किती किलो येणार? आणि कामावरील मजुरांची मंडळाकडे नोंद आहे की नाही? या तीन प्रश्नांनी घराचा खर्च थोडा वाढेल. कप्पीचे भाडे पडेल, दोन माणसे अधिक लागतील, स्लॅबचा दिवस थोडा लांबेल. परंतु तो खर्च नव्याने निर्माण झालेला नसतो. आजवर तो मजुराच्या पाठीतून वसूल होत आला आहे. तो आपल्या हिशेबाच्या वहीत, जेथे त्याची खरी जागा आहे तेथे, मांडला जाईल एवढेच.